बी. ए. चें मानसशास्त्र

मानसशास्त्र हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलास किंवा मुलीस लग्नमुंजीच्या पंगतींत एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो: "मग काय, आमच्या मनांत आतां काय चाललें आहे तें सांगा पाहूं!" प्रश्नकर्ते गृहस्थ बहुधा मठ्ठ्याची दुसरी वाटी संपवून विडा शोधीत असतात, व त्यांच्या मनांत काय चाललें आहे हें ओळखावयास कोणत्याहि शास्त्राची गरज नसते. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलास परसांतल्या मोगऱ्याला फुलें कां येत नाहींत असें कोणी विचारलें, तर तो निदान पुस्तक चाळून कांहीं सांगूं शकतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. त्यास जें विचारलें जातें तें त्याच्या अभ्यासक्रमांत नसतेंच. दुसऱ्याचें मन ओळखावें, हट्टी मुलाला वळण लावावें आणि उदास झालेल्या माणसास चार शब्दांत हुशारी आणावी, या तीन अपेक्षा समाज त्याच्याकडून करतो; आणि तीन वर्षांच्या अभ्यासानंतर या तिहींपैकीं एकीसहि तो पुरा पडत नाहीं. मग तो शिकतो तरी काय, असें पालकांनीं विचारल्यास त्यांत त्यांचा दोष नाहीं. फीचे पैसे त्यांनींच भरलेले असतात.

आमच्या एका भाचीनें हा विषय पुण्याच्या एका महाविद्यालयांत घेतला, म्हणून आम्हांस या प्रश्नाचें उत्तर थोडेंबहुत जवळून पाहावयास मिळालें. तिच्या वडिलांचा कल वाणिज्य शाखेकडे होता. तिचा हट्ट टिकला, याचें थोडें श्रेय आमच्याकडे आहे, व त्याची किंमत आम्हीं पुढें दुपारच्या झोपेनें दिली. या विषयाला प्रात्यक्षिकें असतात. प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो प्रयुक्त, असे त्यांचे मराठी शब्द आहेत. वर्गांत दोघादोघांच्या जोड्या लावून देतात. परंतु घरीं सराव करावयाचा तर प्रयुक्त कोठून आणावा? आम्ही रेल्वेच्या नोकरींतून नुकतेच निवृत्त झालों होतों. सबब आमची नेमणूक झाली.

अभ्यासक्रमाचें वरवरचें स्वरूप सांगावयास वेळ लागत नाहीं. पहिल्या वर्षीं संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृति, भावना, बुद्धि, व्यक्तिमत्त्व अशीं प्रकरणें. पुढें समाजांतील मनुष्य, वाढतें मूल, मनोविकृति. आणि या सर्वांच्या पाठीशीं संख्याशास्त्र. या शेवटच्या विषयाची मुलांना कल्पनाच नसते. "मन समजून घ्यायला आलें आणि प्रमाण विचलन काढीत बसलें आहें," अशी आमच्या भाचीची पहिल्या सहामाहींतील तक्रार होती. परंतु मन आणि आंकडे यांची सोयरीक कालपरवांची नव्हे. विल्हेल्म वुंट यानें १८७९ सालीं लाइपझिग येथें प्रयोगशाळा काढली ती मनाचे व्यापार मोजतां येतात या विश्वासानें. आणि १८८५ सालीं हर्मान एबिंगहाउस यानें निरर्थक अक्षरांच्या लांबच लांब याद्या स्वतःच पाठ करून आपण किती वेळांत किती विसरतों याचा आलेख मांडला. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठांत १९१६ सालीं नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखालीं या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तोंपर्यंत हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरचा आश्रित होता, आणि कित्येक थोर मंडळींच्या मनांत तो अजून त्याच खोलींत राहतो.

आमच्यावर झालेल्या प्रयोगांपैकीं पहिला आरशांतल्या रेखाटनाचा. कागदावर एक चांदणी दुहेरी रेघांनीं काढलेली असते. दोन रेघांच्या मधून, कोठेंहि न शिवतां, पेन्सिल फिरवावयाची. मात्र हात आणि कागद यांच्यावर आडोसा असतो, व जें दिसतें तें समोरच्या आरशांत. चांदणीच्या पहिल्या कोनाशीं आमची पेन्सिल अशी अडली कीं जणूं कोणी मनगट धरून ठेवलें आहे. डोळे म्हणत होते इकडे, हात जात होता तिकडे. भाची घड्याळ हातांत धरून चुका मोजीत होती आणि ओंठ चावून हसूं आवरीत होती, कारण प्रयोगकर्त्यानें हंसावयाचें नसतें. दहाव्या खेपेस मात्र पेन्सिल आपोआप वळूं लागली. कशी वळूं लागली हें आम्हांस विचारलें असतें तर सांगतां आलें नसतें. आणि तिनें तें विचारलेंहि, कारण प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताचें अंतर्निरीक्षण लिहून घ्यावें लागतें. आम्हीं सांगितलें, "हाताला समजलें, आम्हांला नाहीं." तिनें तें शब्दशः उतरून घेतलें.

हें उत्तर आम्हीं थट्टेनें दिलें होतें, परंतु त्याच्यामागें एक गंभीर हकीकत आहे असें तिनें मग सांगितलें. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर १९५३ सालीं अपस्माराच्या झटक्यांसाठीं मेंदूची शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नवें कांहीं लक्षांत ठेवण्याची शक्तीच गेली. भेटलेला मनुष्य खोलीबाहेर जाऊन परत आला तर तो नवखा. ब्रेंडा मिलनर या विदुषीनें त्याला हीच आरशांतली चांदणी तीन दिवस काढावयास दिली. दररोज तो पहिल्यापेक्षां सफाईनें काढूं लागला, आणि हें काम आपण पूर्वीं कधीं केलें होतें याची त्यास आठवण मात्र नव्हती. हाताचें शिकणें आणि मनाचें आठवणें हीं दोन निराळीं खातीं आहेत, ही गोष्ट १९६२ च्या सुमारास शास्त्रज्ञांस अशी उमगली. २००८ सालीं तो वारला, तोंपर्यंत जगाच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें तेवढीं छापलीं जात. विशीच्या आंतली मुलगी स्वयंपाकघराच्या टेबलाशीं बसून हें सांगते, व तिची आई भाजी निवडतां निवडतां विळी थांबवून ऐकते, तेव्हां फीचे पैसे अगदींच वायां गेले नाहींत असें आम्हांस वाटलें.

दुसरा प्रयोग म्यूलर-लायरच्या बाणांचा. सारख्याच लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोंकांना बाणाचीं पातीं आंत वळविलेलीं, दुसरीच्या बाहेर. बाहेर वळविलेल्या पात्यांची रेघ लांब दिसते. हा भास १८८९ सालापासून पुस्तकांत आहे. त्यांतली खरी मौज, आमच्या मतें, भास होण्यांत नाहीं. पट्टी लावून दोन्ही रेघा सारख्या आहेत अशी स्वतः खात्री करून घ्यावी, पट्टी उचलावी, आणि पुन्हां पाहावें. रेघ पुन्हां लांब! कळलें म्हणून दिसणें सुधारत नाहीं. या एका गोष्टीवर वर्गांत एक तास खर्ची पडत असेल. आम्हांस विचाराल तर एक सहामाही द्यावी. आणि पुढें आणखी एक गुंता आहे. रिव्हर्स नांवाच्या इंग्रज संशोधकानें गेल्या शतकाच्या आरंभीं आपल्याच नीलगिरींतल्या तोडा लोकांस हे बाण दाखविले, तों त्यांस हा भास इंग्रजांपेक्षां कमी होतो असें आढळलें. म्हणजे ज्याला आपण डोळ्याचा धर्म म्हणतों त्यांतहि राहत्या जागेचा आणि संवयीचा वांटा असूं शकतो.

यावरून दुसरी एक गोष्ट निघते, ती या विषयाच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांतल्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. २००८ सालीं जेफ्री आर्नेट यानें अमेरिकेंतील प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकें तपासलीं. त्यांतील प्रयुक्तांपैकीं सुमारें ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या अवघी १२ टक्के. त्यांतहि सामाजिक मानसशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकांत अमेरिकन नमुन्यांपैकीं ६७ टक्के नमुने केवळ मानसशास्त्राच्या वर्गांत बसणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांचे होते. "मनुष्य असा वागतो" असें पाठ्यपुस्तक म्हणतें तेव्हां पुष्कळदां तो मनुष्य म्हणजे हजेरीच्या गुणांसाठीं प्रयोगास बसलेला, परीक्षेच्या काळजींत असलेला, एकोणीस वर्षांचा अमेरिकन मुलगा असतो. दुसऱ्या शास्त्रांचा विद्यार्थी शास्त्र शिकतो. याच्या बाबतींत शास्त्रच विद्यार्थ्यावरून शिकलेलें आहे.

आतां आमच्यावरील तिसऱ्या प्रयोगाविषयीं सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण त्यांतून घरांत बरीच चर्चा झाली. दोन याद्या पाठ करावयाच्या होत्या: एक नेहमींच्या अर्थपूर्ण शब्दांची, दुसरी तीन तीन रोमन अक्षरांच्या निरर्थक जोडण्यांची. अर्थपूर्ण यादी लवकर पाठ होते, असें पुस्तकाचें म्हणणें. आणि तें सामान्यतः खरेंहि आहे. आमच्या बाबतींत उलट झालें. निरर्थक यादी आम्हीं कमी खेपांत म्हणून दाखविली. भाची गोंधळली, तिनें पुन्हां दुसऱ्या याद्या करून आणल्या, पुन्हां तेंच. तेव्हां तिनें अंतर्निरीक्षण विचारलें आणि उलगडा झाला. आमचीं तीस वर्षें रेल्वेच्या मालवाहतुकीच्या कचेरींत गेलीं. तेथें कल्याण म्हणजे 'के वाय एन', भुसावळ म्हणजे 'बी एस एल', मनमाड म्हणजे 'एम एम आर'. तीन अक्षरें दिसलीं कीं आम्हांस स्थानक दिसतें. नसलेलें स्थानकहि दिसतें. तिला जें निरर्थक तें आमच्या लेखीं वेळापत्रक होतें.

तिनें हें सारें आपल्या प्रयोगवहींत लिहिलें. आंकडे आले तसे मांडले, आणि ते उलट कां आले याविषयीं एक पानभर विवेचन जोडलें. तिच्या मैत्रिणींपैकीं कित्येकींनीं प्रयोग न करतांच आंकडे भरले होते, व ते अर्थातच पुस्तकाबरहुकूम आले होते. वही तपासणाऱ्यांनीं तिच्या पानावर 'निष्कर्ष अपेक्षेप्रमाणें नाहीं' असा शेरा मारून दहापैकीं चार गुण दिले. मैत्रिणींना आठ आठ मिळाले. ती घरीं आली तेव्हां रडत नव्हती, पण जेवलीहि नाहीं. तिच्या वडिलांनीं व्यवहारी सल्ला दिला कीं पुढल्या वेळीं जसें हवें तसें लिहून मोकळें व्हावें. आम्हांस हा सल्ला पटला नाहीं, व त्या रात्रीं आम्हीं तसें स्पष्ट बोललों. ज्या अभ्यासक्रमाचा सगळा अर्थ असा, कीं मनाला जें हवें तें दिसतें म्हणून मोजून पाहावें, त्या अभ्यासक्रमानेंच हवें तें दिसल्याबद्दल बक्षीस द्यावें, याला काय म्हणावें?

आमचा हा संताप भाचीपेक्षां अधिक काळ टिकला. दोन दिवसांनीं तिनेंच आम्हांस रॉबर्ट रोझेंथल याचा १९६३ सालचा प्रयोग सांगितला, तोहि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरच केलेला. त्यानें बारा विद्यार्थ्यांना पांच पांच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलें कीं हे उंदीर वाट शोधण्यांत हुशार वंशाचे, उरलेल्यांना सांगितलें कीं हे मठ्ठ वंशाचे. वस्तुतः सगळे उंदीर सारखेच होते. 'हुशार' उंदीर खरोखरच सरस ठरले. विद्यार्थी लबाड होते असें नव्हे; ज्याच्याकडून आशा असते त्याला हातांत धरण्याची रीतहि निराळी होते. आणि हा रोग विद्यार्थ्यांपुरता नाहीं. २०१५ सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं एकत्र येऊन मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले शंभर अभ्यास पुन्हां करून पाहिले. मूळच्या अभ्यासांपैकीं ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष निघाला होता. दुसऱ्या खेपेस तो ३६ टक्क्यांतच निघाला. पुन्हां न निघणाऱ्या प्रत्येक निष्कर्षामागें लबाडीच होती असें कोणी म्हणत नाहीं. पण प्रयोगवहींत अपेक्षित आंकडा लिहिण्याची संवय एकोणिसाव्या वर्षीं लागली, तर ती पदवीबरोबर सुटत असेल असें मानावयास आम्हांस तरी आधार दिसत नाहीं. या शास्त्राच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं हा हिशेब त्यानें स्वतःच काढला आणि स्वतःच छापला. किती शास्त्रें, आणि किती घरें, असें करतात?

मनोविकृतीचें प्रकरण दुसऱ्या वर्षीं आलें, व त्याबरोबर घरांतल्या प्रत्येकास एकेक विकार जडला. दोनदां कुलूप ओढून पाहणाऱ्या काकांस एक, रविवारीं न बोलणाऱ्या वडिलांस दुसरा. ही साथ सर्वच वर्गांत येते आणि ओसरते; पालकांनीं भिऊं नये. मात्र एका गोष्टीची जाणीव मुलांना आणि त्यांच्याकडे आपलीं दुःखें घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाहि असावी, कीं बी. ए. च्या पदवीनें उपचाराचा अधिकार येत नाहीं. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचें तर पुढचें विशेष शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखालीं नोंदणी लागते. आमच्या भाचीकडे शेजारच्या एक बाई झोप येत नाहीं म्हणून आल्या, तेव्हां तिनें त्यांचें सगळें ऐकून घेतलें आणि त्यांस डॉक्टरांकडे पोंचविलें. आम्हांस तो तिच्या शिक्षणाचा पुरावा वाटला. बाईंना मात्र ती कांहींच शिकली नाहीं असें वाटलें.

पत्रिकेच्या बाबतींत तिनें घरांत थोडी कुरबूर माजविली. बर्ट्रम फोरर या प्राध्यापकानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यानें आपल्या वर्गाची व्यक्तिमत्त्व-चांचणी घेतली, आणि आठवड्यानें प्रत्येकास त्याचें स्वभावचित्र दिलें. तें कितपत जुळतें यासाठीं पांचांपैकीं गुण मागितले, सरासरी ४.२६ भरली. मग असें उघड झालें कीं ३९ जणांस एकच मजकूर दिला होता, आणि तो मुख्यतः बाजारांतल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेला होता. तिनें मासिक राशिभविष्यांतील सिंह राशीचा मजकूर वृषभेच्या नांवानें आपल्या आजीस वाचून दाखविला, व आजीनें "अगदीं तंतोतंत!" म्हटलें. खुलासा झाल्यावर आजी म्हणाल्या, "मग काय झालें? तो माझा चंद्र सिंहेचा असेल." शास्त्राला येथें हात टेकावे लागतात.

शेवटीं स्मृतीविषयीं. १९८६ च्या जानेवारींत 'चॅलेंजर' हें अमेरिकन अवकाशयान उडतांक्षणींच नष्ट झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उल्रिक नायसर यानें आपल्या विद्यापीठांतील एका वर्गाकडून, ही बातमी आपणांस कोठें, कोणाकडून, काय करीत असतां कळली, हें लिहून घेतलें. अडीच वर्षांनीं त्यांपैकीं ४४ जणांस तेच प्रश्न पुन्हां विचारले. अकरा जणांचें एकहि उत्तर पहिल्याशीं जुळलें नाहीं, आणि तरीहि पुष्कळांस आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरांतला पहिला कागद समोर ठेवल्यावरहि मूळची आठवण कोणास परत आली नाहीं.

हें भाचीनें सांगितलें त्या वेळीं आमच्या दोघी मावश्या घरीं होत्या, आणि त्या एकमेकींशीं बोलत नव्हत्या. त्यांचें बोलणें अधूनमधून बंद पडतें, आणि त्याचें मूळ १२ जुलै १९६१ या दिवसांत आहे. पानशेतचें धरण फुटलें, पुण्यांत पाणी शिरलें, आणि नदीकांठच्या आमच्या आजोळचीं मंडळी पर्वतीकडे धांवलीं. थोरली तेव्हां चौदा वर्षांची, धाकटी अकरा. आजीच्या दागिन्यांचा एक पितळी डबा त्या दिवशीं गेला तो गेलाच. डबा धाकटीच्या हातांत दिला होता, असें थोरली म्हणते. तो आपल्याकडे कधीं आलाच नव्हता, असें धाकटी म्हणते. दागिना फारसा मोठा नव्हता. पण तो आजीच्या माहेरचा होता, आणि धाकटीच्या लग्नांत तिच्या अंगावर जें नव्हतें त्याचा उल्लेख कोणी ना कोणी करीच. साठ वर्षें एकीनें दुसरीला हलगर्जी म्हणावें आणि दुसरीनें पहिलीला खोटारडी, हें कुटुंबांतल्या कोणासहि नवें राहिलें नव्हतें.

भाचीनें दोघींना दोन खोल्यांत बसविलें आणि कागद दिले. "मावशीआजी, बोलायचें नाहीं. जें आठवतें तेवढें लिहायचें; आणि कोणाकडून ऐकलें असेल तर तसें लिहायचें." थोरलीनें अडीच पानें लिहिलीं, धाकटीनें एक. दोघींच्याहि कागदांवर पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचें वर्णन होतें. वस्तुतः पाणी पुलावर चढलें तेव्हां दोघीहि पर्वतीच्या वाटेला लागलेल्या होत्या, हें दोघींच्याच कागदांत वर लिहिलें होतें. तें पाणी त्यांनीं पुढें छायाचित्रांत पाहिलें असणार. भाचीनें तेवढें दोघींना दाखविलें. डबा कोणाच्या हातांत होता याचा निवाडा मात्र तिनें केला नाहीं. करतां येत नाहीं, असें म्हणाली, आणि कोणी खोटें बोलत असल्याशिवायहि दोन कागद असे निराळे होऊं शकतात, असें म्हणाली. धाकटी मावशी बराच वेळ गप्प होती. थोरलीनें चष्मा लावून बहिणीचा कागद वाचला, पुन्हां वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवून भाचीला विचारलें, "झांकणाला पोंचा होता असें हिनेंहि लिहिलें आहे? कोणत्या बाजूला, तें हिला विचार."